दोन बंदुका आणि एक शंख

“दोन्ही सारख्याच हाईत म्हनतोस. मग इचारतोस काय?”

“सारख्या हाईत म्हनूनच इचारतोय, बुवा.”

“तर मग कुठलीबी उचल.”

“कुठलीबी कशी उचलू? थोडा फरक हाय की.”

“फरक हाय? मग बरी असंल ती उचल.”

“तेच तर कळंना...”

खेमगिरी बुवांनी धुनीतलं लाकूड पुढं सारलं.

हैबती पाटील डोंगरावरच्या मठीच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. समोर घोंगडी, आणि घोंगडीवर दोन बंदुका शेजारी शेजारी निजवलेल्या. दोन्ही बावीसच्या, बारीक नळीच्या, ससा-तितरापुरत्या. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्यानं त्या गड्याबरोबर पाठवल्या होत्या आणि निरोप दिला होता, “पाटील, चालवून बघा. पसंत पडेल ती ठेवा, दुसरी परत धाडा.” व्यापारी काही वाईट माणूस नव्हता. पण त्यानं एकच पाठवली असती, तर एव्हाना ससा शिजून आबांच्या पोटात गेला असता.

आबा म्हणजे हैबतीचे वडील.

संस्थानं नुकतीच खालसा झाली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. ज्यांच्या एका हाकेसरशी सगळं गाव पारधीला निघायचं, ते आबा पाटील दिवाळीपासून बाजल्यावर पडून होते. उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती. बोललेलं निम्मं कळायचं, निम्मं सून सारजा अंदाजानं ओळखायची. संक्रांत झाली आणि एका सकाळी आबा अगदी स्वच्छ म्हणाले, “ससा.”

वैद्यबुवा नाडी बघायला आले होते. ते उठता उठता म्हणाले, “जे मागतील ते द्या.”

वैद्य असं म्हणाला की त्याचा अर्थ घरातल्या लहान पोरालाही कळतो. हैबतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बापानं आपल्याकडं कधी काही मागितल्याचं त्याला आठवतच नव्हतं.

घरात बाराची जुनी दुनळी होती. पण तिचा एक बार म्हणजे मूठभर छर्रे. मागे एकदा हैबतीनं त्याच दुनळीनं ससा मारून आणला होता. पहिल्याच घासाला आबांच्या दाताखाली छर्रा आला. तो त्यांनी थुंकला आणि भरल्या पंगतीत म्हणाले, “ससा रांधलाय का शिसं?” पंगत खो खो हसली. हैबतीही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात घर करून राहिलं. आता तर आबांच्या तोंडात दातही उरले नव्हते. डोक्यात एकच गोळी आणि बाकी अंगाला ओरखडा नाही, असा ससा त्याला आबांपुढं ठेवायचा होता.

मनसुबा चांगलाच होता. घोडं पेंड खात होतं ते इथं, घोंगडीवर.

“ही बगा.” हैबतीनं डावीकडची उचलली. “हिचा चाप लोन्यावानी. बोट टेकलं की बार. आन् ही,” पहिली ठेवून त्यानं दुसरी उचलली, “हिची नळी दोन बोटं लांब. लांबच्या नेमाला बरी.”

“मग ही घे.”

“पन हिचा चाप जड हाय.”

“मग ती घे.”

“पन तिची नळी...”

बुवांनी मान हलवली. कशासाठी हलवली ते हैबतीला कळलं नाही.

“एकीच्या दस्त्याला लाल चिंधी कसली?” बुवांनी विचारलं.

“वळखाय बांधलीया. अंधुक उजेडात दोन्ही सारख्याच दिसत्यात.”

“बरं केलंस. मग चिंधीवाली कुठली? चापाची का नळीची?”

“चापाची.” हैबतीनं चिंधीवाली खांद्याला लावली, रिकामा चाप ओढला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं दुसरी घेऊन ओढून बघितला. मग पुन्हा पहिली. “न्हाई... नळीची असंल. सकाळी सोडून परत बांदली तवा...”

त्यानं दोन्ही खाली ठेवल्या.

हैबतीसारखा नेमबाज पंचक्रोशीत नाही, असं पंचक्रोशी म्हणायची आणि हैबतीला ते पटायचं. उडतं तितर पाडणारा, पळत्या डुकराला आडवा करणारा हा गडी, पण आज चिंधीपुढं त्यानं हात टेकले होते.

“झाडून बघितल्यास का?”

“दिसभर झाडतोय, बुवा. पल्याडच्या हिवराला डबडी टांगल्यात. हिनंबी लागतंय, तिनंबी लागतंय.”

“आन् चुकतंय?”

“चुकतंय तेबी दोन्हीनी सारखंच चुकतंय.”

“मग नेम बसलाय म्हन की तुजा.”

“नेमाचं न्हवं हो, बंदुकीचं इचारतोय.”

“हां... बंदुकीचं.”

धुनीतला धूर वाऱ्यासरशी हैबतीच्या डोळ्यांत गेला. त्यानं तोंड फिरवलं.

“ससा दिसला का न्हाई पन?” बुवांनी विचारलं.

“दिसला की! रोज दिसतोय. काल तर त्या करवंदीच्या जाळीपाशी कान टवकारून बसला हुता. चांगला दांडगा. हितनं त्या धोंड्यापतोर म्हना की.”

“मग?”

हैबती जरा चाचरला.

“हातात ही हुती. आन् सकाळी म्या ती ठरवली हुती.”

“मग?”

“ती घ्याय मागं वळलो...”

बुवा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं हैबतीला वाटलं.

दोन बायका फजिती ऐका, असं लोक म्हणतात. हैबतीची बायको एकच, सारजा. ती घरी आबांच्या उशाशी बसून असायची आणि हा पहाटे डोंगर चढायचा तो दिवे लागल्यावर उतरायचा. तोवर आबांचा डोळा लागलेला असायचा. झोपमोड नको म्हणून हा दारातूनच बघायचा. काल तर तो उतरलाच नाही, इथंच मठीच्या ओट्यावर आडवा झाला. येण्याजाण्यात हात थकतो आणि नेम बिघडतो, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. स्वतःला समजावणं फार सोपं असतं, समोरचा लगेच ऐकतो.

बुवांनी खुंटीवरचा शंख काढला आणि छाटीच्या टोकानं पुसायला घेतला.

या शंखाची एक हकिगत आहे. खेमगिरी बुवा पडले गोसावी, मांसाला कधी शिवले नाहीत. पण पारधीत त्यांना काम होतं, आणि ते आबांनीच नेमून दिलं होतं. फार मागे एका शिमग्याला पारध उतरली, गावात हंडे चढले, लोक रस्सा भुरकायला बसले. आणि गुणा डवरी तिकडं कड्याखाली पाय मोडून पडलेला. कुणाच्या ध्यानातच नाही. सकाळी सापडला. जिवंत सापडला, पण त्यानं विचारलं, “माझ्या वाट्याचं खाल्लं का रं कुणी?” सगळ्यांनी माना खाली घातल्या. आबांना त्यानंतर कितीतरी दिवस घास गोड लागला नाही.

तेव्हा त्यांनी रीत घातली. डोंगर उतरणाऱ्या प्रत्येकानं मठीवरून जायचं. बुवांनी माणसं मोजायची. शेवटचा गडी मठीखालच्या वळणाच्या पलीकडं गेला की शंख फुंकायचा. आणि शंख ऐकू आल्याशिवाय खाली हंड्याचं झाकण कुणी उचलायचं नाही. मग तो पाटील असो नाहीतर कुत्री धरणारा असो.

हैबतीचं लहानपण त्या शंखाची वाट बघण्यात गेलं होतं. वास नाकात, भूक पोटात आणि झाकण हंड्यावर. एकदा तो रडायलाच लागला, तेव्हा आबांनी त्याला जवळ ओढून विचारलं होतं, “वर मानूस हाय, आन् तुला भूक कशी रं लागती?” धपाटा खाल्ला असता तर तो विसरला असता. हे मात्र तो विसरला नव्हता.

निदान त्याची तशी समजूत होती.

“सकाळी भिक्षंला खाली गेल्तो,” बुवा म्हणाले.

“आबा कसं हाईत?” हैबतीनं विचारलं. चाप चाचपून बघणं थांबलं नव्हतं.

“जागं हुतं.”

“काय म्हनालं?”

बुवांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. शंखाच्या टोकातली धूळ ते काडीनं काढत होते.

“धोंडीनं काल दुपारच्याला तळ्याच्या अंगाला वाघर लावली हुती.”

धोंडी हैबतीचा चुलतभाऊ. वाघर म्हणजे सशांच्या वाटेवर लावायचं जाळं.

“गावलं का काय?”

“ससा गावला. सारजानं दिवेलागनीला रस्सा केला.”

हैबतीच्या हातातली बंदूक हळूच घोंगडीवर आली. बाप त्याचा, मागणं त्याच्याकडं, आणि ससा धोंडीचा! तोसुद्धा जाळ्यातला! धोंडीला नेम म्हणजे काय ते ठाऊक नाही, चाप कुठं असतो ते ठाऊक नाही. दोन खुंट्या ठोकल्या, झाडामागं बिडी ओढत बसला, आणि झालं. हैबतीला इतकं वाईट वाटलं की धड रागही येईना.

“खाल्ला... आबांनी?”

“न्हाई.”

“न्हाई?”

“एक घासबी न्हाई.”

हैबती ताडकन उठून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

“बगा! बगा बुवा! आबा जाळ्यातला ससा खानार व्हय? जलम गेला त्येंचा बंदुकीवर. थांबल्यात ते. माज्या सशासाठी थांबल्यात.”

“तसं म्हनालं ते?”

“म्हनाय कशाला पायजे? बाप हाय माजा. मला कळत न्हाई?”

“तुला कळत असंल,” बुवा म्हणाले.

हैबती पुन्हा मांडी घालून बसला, आता पहिल्यापेक्षा घट्ट. त्यानं दोन्ही बंदुका मांडीवर घेतल्या. ऊर भरून आला होता. बाप उपाशी राहतो, पण दुसऱ्याच्या हातचा ससा खात नाही! असा मान कुठल्या लेकाला मिळतो?

“आता चुकून चालायचं न्हाई, बुवा. आता तर एकच गोळी. सांगा तुमी. तुमी म्हनाल ती.”

“म्या म्हनलं ती?”

“तुमी म्हनाल ती.”

“चिंधीवाली घे.”

हैबतीनं चिंधीवाली उचलली. निरखली. तिच्याकडं बघता बघता त्याची नजर दुसरीकडं वळली.

“का म्हनून ही?”

बुवा शंख पुसत राहिले.

“न्हाई, तुमी म्हनता तर घेतो. पन का म्हनून ही? चाप हलका हाय म्हनून? का नळी... हिची नळी कंची हो?”

“वाटी उशाशी हाय,” बुवा म्हणाले.

“आं?”

“रश्श्याची. वर ताटली झाकल्याली. सारजानं सकाळी परत ऊन केली. मांस कुस्करून मऊ मऊ केलं. मी दारात हुतो तवा तिनं चमचा त्येंच्या तोंडाशी नेला.”

“मग?”

“आबांनी तोंड फिरवलं.”

“तेच म्हनतोय मी...”

“आन् इचारलं.”

“काय इचारलं?”

“शंख वाजला का.”

धुनीत एक ठिणगी तडतडली. पलीकडच्या हिवराला टांगलेलं डबडं वाऱ्यानं टणटण करत होतं.

हैबतीला आधी काही उमजलंच नाही. शंख? पारध कुठं होती? शिमगा अजून लांब होता.

“भरमलं असत्याल,” तो म्हणाला. “आजारात हुतं तसं. आता कुठली आली पारध?”

“सारजाबी तेच म्हनाली. आबा, पारध न्हाई निघाली कुठं, घास घ्या. तर त्येनी इचारलं, हैबती कुटं हाय?”

“...मग?”

“सारजाला खोटं बोलता येत न्हाई. ती म्हनाली, डोंगरावर.”

हैबतीनं बंदुका मांडीवरून काढून खाली ठेवल्या. कुठली आधी ठेवली ते त्यानं या वेळी बघितलं नाही.

त्याच्या डोक्यात गोंधळ माजला. म्हणजे बंदुकीचा ससा नको होता? की हवा होता? मग ससा म्हणाले ते कशाला? धोंडीचा चालला असता, तर आपण इतके दिवस इथं करतोय काय? आणि नसता चालला, तर मग तोंड फिरवून शंख का विचारला? एका प्रश्नाचा दोरा ओढावा तर दुसरा गुंता वर येत होता. त्यातून एवढंच स्वच्छ दिसत होतं की उशाशी वाटी आहे, वर ताटली आहे, आणि म्हातारा कालपासून उपाशी आहे.

“वैद्य आल्ता?” त्यानं हळूच विचारलं.

“आल्ता.”

“काय म्हनाला?”

“काय बोलला न्हाई. बसून ऱ्हायला.”

वैद्य बसून राहिला, म्हणजे... हैबतीनं पुढचं मनात येऊ दिलं नाही. त्याऐवजी त्याला राग आला. राग कुणावर काढावा कळेना, तेव्हा तो समोर बसलेल्या माणसावर निघाला.

“मग वाजवा की तो शंख! हातात हाय न्हवं? सकाळपास्नं ठावं हाय तुमाला, आन् पुसत बसलाय? वाजवा! घरापतोर ऐकू जातंय. दोन घास तर जातील त्येंच्या पोटात!”

त्याचा आवाज फुटला. शेवटचं वाक्य ओरडताना तो रडत होता.

बुवा उठले. ओट्याच्या कडेला आले. शंख ओठांना लावला. छाती भरून घेतली. मग खालच्या पायवाटेकडं बघितलं, हैबतीकडं बघितलं, आणि शंख खाली घेतला.

“ह्यात आबांनी मला कवा खोटं फुकू दिलं न्हाई.”

हैबतीनं ओट्यावरून उडी टाकली.

वहाणा राहिल्या, पटका राहिला. तो अनवाणी धावत सुटला. करवंदीच्या जाळीतून काहीतरी फर्रकन पळालं. ससाच असावा. हैबतीनं तिकडं बघितलंही नाही. त्याला एकच ऐकायचं होतं, पाठीमागून शंख. अजून वळण आलं नव्हतं. अजून थोडं. पायात काटा मोडला, तसाच तो पळाला.

वळणाच्या अलीकडं झाडी संपते आणि खाली गाव दिसतं. त्यानं घर बघितलं. दारात सारजा उभी होती, डोळ्यांवर हात धरून वर बघत.

चार पावलं टाकली की वळण होतं.

आणि तिथं हैबती थांबला. आबा विचारतील, इतके दिवस काय करत होतास? त्यांना काय सांगायचं? रिकामा खांदा त्याला एकदम विचित्र वाटला. रिकाम्या हातानं, ससा नाही, बंदूक नाही, असं त्या माणसापुढं कसं उभं राहायचं? निदान एक तरी खांद्यावर हवी. निदान म्हणता तरी येईल, आबा, ही बघा, तुमच्यासाठी ही ठरवली...

तो मागं वळला. वर ओट्याच्या कडेला बुवा उभे होते. शंख ओठांना लावलेला होता, छाती भरलेली होती.

“बुवा!” हैबती खालून ओरडला. “त्या दोन्हीतली... कुठली न्हेऊ?”

बुवांनी ओठांवरचा शंख खाली घेतला.

“वर अजून एक मानूस हाय!”